ओळख आणि आवड एकाच प्रयोगात कशी मोजावी : परिचय-परिणामाच्या प्रयोगाची टप्प्याटप्प्याने मांडणी

एखादी गोष्ट वारंवार नजरेसमोर आली, तर इतर कोणतेही कारण नसताना ती अधिक आवडू लागते का, आणि तसे होण्यासाठी ती पूर्वी पाहिल्याचे आठवणे गरजेचे असते का, हे दोन प्रश्न एकाच प्रयोगात तपासता येतात. हा प्रयोग करायला इतका सोपा दिसतो की अनेक विद्यार्थी आपल्या संशोधनाची सुरुवात त्यापासूनच करतात : काही आकृत्या अनेकदा दाखवायच्या, काही कमी वेळा दाखवायच्या, आणि शेवटी ‘किती आवडली?’ व ‘आधी पाहिली होती का?’ असे विचारायचे. याच सोपेपणामुळे त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना दिसतात. त्यांतील बहुतेक चुका पहिला सहभागी खोलीत येण्याआधीच होऊन गेलेल्या असतात, आणि नंतर कितीही प्रगत संख्याशास्त्र वापरले तरी त्या दुरुस्त होत नाहीत. म्हणून पुढील मांडणीत आकृत्यांची निवड, त्यांचे वाटप आणि क्रम यांनाच सर्वाधिक जागा दिली आहे. सोयीसाठी एकच ठोस आराखडा घेऊन शेवटपर्यंत तोच वापरला आहे.

टप्पा १ : प्रश्न, अंदाज आणि सहभागींची संख्या लेखी ठरवणे

सर्वप्रथम एक वाक्य लिहावे : ‘आकृती जितक्या अधिक वेळा दाखवली जाईल, तितका तिच्या आवडीचा सरासरी गुण वाढेल.’ त्याखाली हा अंदाज खोटा ठरवणारा निकाल कोणता, हेही लिहावे. नंतर किती वेळा दाखवायचे याच्या पायऱ्या ठरवाव्यात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ०, १, २, ५, १० आणि २५ अशा पायऱ्या होत्या. इतक्या पायऱ्या घेतल्या की सत्र लांबते आणि सहभागी कंटाळतात. येथे आपण ०, १, ३ आणि ९ या चारच पायऱ्या घेऊ. ‘शून्य’ म्हणजे आकृती पहिल्या भागात, म्हणजे प्रश्न विचारण्यापूर्वी आकृत्या नुसत्या दाखवल्या जातात त्या भागात, अजिबात न दाखवणे. ही पायरी वगळली, तर तुलना कशाशी करायची हाच प्रश्न उरतो.

आपल्या आराखड्यात प्रत्येक सहभागी चारही पायऱ्या पाहणार आहे, म्हणजे तुलना त्याची त्याच्याशीच होणार आहे. अशा जोडीतील तुलनेत फरक अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) असेल, तर ५ टक्क्यांच्या द्विबाजू सार्थकता पातळीवर (म्हणजे फरक कोणत्याही दिशेचा धरून, प्रत्यक्षात तो नसताना ‘आहे’ म्हणण्याची शक्यता ५ टक्के ठेवून) तो ८० टक्के शक्यतेने पकडण्यासाठी ३४ सहभागी पुरतात. फरक ०.४ असेल तर ५२ लागतात, आणि ०.२ असेल तर सुमारे २०० लागतात. आपण ६० धरू. हा आकडा निव्वळ सावधगिरीपोटी घेतलेला नाही, त्याचे खरे कारण तिसऱ्या टप्प्यात येईल.

याच वेळी पुढील गोष्टीही लेखी नोंदवून एखाद्या सार्वजनिक नोंदणी-संकेतस्थळावर तारखेसह ठेवाव्यात : माहिती गोळा करणे केव्हा थांबवणार, कोणाची माहिती वगळणार, मुख्य विश्लेषण कोणते. ही औपचारिकता मुळीच नाही. सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोन यांनी २०११ मध्ये संगणकीय चाचण्यांतून दाखवून दिले की संशोधकाने असे निर्णय आधी न ठरवता नंतर सोयीने घेण्याच्या चार प्रकारच्या मोकळिका एकत्र घेतल्या, तर प्रत्यक्षात काहीच परिणाम नसतानाही ५ टक्क्यांच्या पातळीवर ‘सार्थक’ निकाल मिळण्याची शक्यता ६०.७ टक्क्यांपर्यंत जाते.

सावधान : ‘२० जणांची माहिती पाहू, फरक दिसला नाही तर आणखी २० जण घेऊ’ ही पद्धत निरुपद्रवी वाटते, पण याच मोकळिकांपैकी ती एक आहे.

टप्पा २ : आकृत्या निवडणे आणि पूर्वचाचणी

आकृत्या अशा हव्यात की त्या सहभागीने प्रयोगापूर्वी कधीच पाहिलेल्या नसतील आणि त्यांना सहज नाव देता येणार नाही. ओळखीच्या वस्तूंची किंवा निसर्गदृश्यांची छायाचित्रे येथे उपयोगाची नाहीत. माणसाची चित्रस्मृती फार दांडगी असते : लायोनेल स्टँडिंग यांच्या १९७३ च्या अभ्यासात १०,००० चित्रे दाखवल्यानंतरही सहभागींची ओळख सुमारे ८३ टक्के बरोबर होती. अशी चित्रे घेतली, तर ओळख-चाचणीत जवळपास सगळेच सगळे ओळखतील आणि पायऱ्यांमधला फरक दिसायला जागाच राहणार नाही. त्यापेक्षा संगणकाने तयार केलेले अनियमित बहुकोन किंवा काळ्या रेघांचे अमूर्त नमुने घ्यावेत. मात्र ते अगदी साधेही नसावेत. रॉबर्ट बॉर्नस्टीन यांनी १९८९ मध्ये दोनशेहून अधिक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा साध्या आकृत्यांपेक्षा गुंतागुंतीच्या आकृत्यांवर परिचयाचा परिणाम अधिक दिसून आला होता.

सर्व आकृत्यांचा आकार, पार्श्वभूमी, रेघेची जाडी आणि काळ्या भागाचे प्रमाण जवळपास सारखे ठेवावे. एखादीच आकृती रंगीत किंवा ठळक असेल, तर ती कितीही वेळा दाखवली तरी तिच्या ठळकपणामुळेच लक्षात राहील.

आपल्याला चाचणीसाठी १००, सुरुवातीच्या व शेवटच्या भरतीसाठी (म्हणजे नुसत्या दाखवायच्या, पण ज्यांवर पुढे प्रश्न विचारायचे नाहीत अशा) ६ आणि सरावासाठी ५ आकृत्या लागणार आहेत. म्हणून सुमारे १५० आकृत्या तयार कराव्यात आणि मुख्य प्रयोगात जे भाग घेणार नाहीत अशा निदान ३० जणांकडून त्यांची पूर्वचाचणी घ्यावी. त्यांना दोनच प्रश्न विचारावेत : ही आकृती १ ते ७ यांपैकी किती आवडली, आणि ही पाहून एखादी वस्तू आठवते का, आठवत असल्यास कोणती. ज्या आकृतीला अनेक जण एकच नाव देतात (‘हा मासा आहे’), ती काढून टाकावी, कारण सहभागी आकृतीऐवजी ‘मासा’ हा शब्द लक्षात ठेवतो आणि आपण दृश्यस्मृती मोजत आहोत अशा भ्रमात राहतो. सरासरी गुण फारच वर किंवा फारच खाली असलेल्या आकृत्याही गाळाव्यात. ज्या आकृतीला आधीच सहाच्या वर गुण मिळत आहेत, तिची आवड वाढणार तरी कुठे?

टप्पा ३ : भूमिकांचे वाटप

सर्वाधिक प्रयोग येथेच फसतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

पहिली नेहमीची चूक अशी : संशोधक दहा आकृत्या ‘नऊ वेळा दाखवायच्या’ म्हणून निवडतो, दुसऱ्या दहा ‘एकदा दाखवायच्या’ म्हणून निवडतो, आणि सर्व सहभागींसाठी हीच निवड कायम ठेवतो. निकालात नऊ वेळा दाखवलेल्या आकृत्या अधिक आवडल्या, तर ते परिचयामुळे झाले की त्या दहा आकृत्या मुळातच सुबक होत्या म्हणून झाले, हे सांगण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. सहभागी दुप्पट केले तरी हा दोष तसाच राहतो.

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण ती केल्यावरही प्रयोग व्यवस्थित दिसतो. सर्व आकृत्यांची आवड विचारून झाल्यावर त्याच आकृत्या ओळख-चाचणीत वापरल्या जातात. पण आवड विचारताना ‘शून्य वेळा’ दाखवलेल्या आकृत्याही सहभागीने पाहिलेल्या असतात. काही मिनिटांनी त्याला ‘ही आधी पाहिली होती का?’ असे विचारले, तर प्रामाणिक उत्तर ‘होय’ हेच आहे. सूचनेत ‘पहिल्या भागात पाहिली होती का?’ असे लिहिल्याने दोष कमी होतो, पण जात नाही, कारण कुठे पाहिली याची आठवण काय पाहिले याच्या आठवणीपेक्षा लवकर पुसट होते. उपाय एकच आहे : आवडीसाठी आणि ओळखीसाठी वेगवेगळ्या आकृत्या राखून ठेवणे.

त्यासाठी १०० आकृत्यांचे दहा-दहांचे दहा संच करावेत. संच करताना पूर्वचाचणीतील सरासरी आवडीनुसार सर्व आकृत्या उतरत्या क्रमाने लावाव्यात. पहिल्या दहा आकृत्यांपैकी प्रत्येक संचात एक, पुढच्या दहांपैकी प्रत्येक संचात एक, अशा रीतीने त्या यादृच्छिकपणे वाटाव्यात. म्हणजे सर्व संचांची सरासरी आवड जवळपास सारखी होते. या दहा संचांना पुढील दहा भूमिका द्याव्यात :

- आवड-चाचणीसाठी चार संच : ० वेळा, १ वेळा, ३ वेळा आणि ९ वेळा दाखवायचे.
- ओळख-चाचणीतील जुन्या आकृत्यांसाठी तीन संच : १ वेळा, ३ वेळा आणि ९ वेळा दाखवायचे.
- ओळख-चाचणीतील नव्या आकृत्यांसाठी तीन संच : पहिल्या भागात अजिबात न दाखवायचे.

या रचनेत ओळख-चाचणीत ३० जुन्या आणि ३० नव्या आकृत्या येतात. नव्या आकृत्या दहाच ठेवल्या, तर चुकीच्या होकाराचे प्रमाण अवघ्या दहा उत्तरांवर अवलंबून राहते आणि त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आता प्रयोगाच्या दहा आवृत्त्या तयार कराव्यात. पहिल्या आवृत्तीत पहिला संच पहिल्या भूमिकेत, दुसरा दुसऱ्या भूमिकेत. दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक संच एका भूमिकेने पुढे सरकतो आणि शेवटचा पहिल्या जागी येतो. दहा आवृत्त्या पूर्ण होईपर्यंत प्रत्येक संच प्रत्येक भूमिकेतून गेलेला असतो. सहभागींची संख्या दहाच्या पटीत असलीच पाहिजे ती यासाठी : ६० सहभागी म्हणजे प्रत्येक आवृत्तीला बरोबर सहा. एखाद्याची माहिती वगळावी लागली, तर त्याच्या जागी घेतलेल्या नव्या सहभागीला तीच आवृत्ती द्यावी.

तपासणी : दहा स्तंभ (आवृत्त्या) आणि दहा ओळी (संच) असा तक्ता कागदावर छापावा. प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक भूमिका ठरलेल्या संख्येइतकीच येते का, हे बोट ठेवून मोजावे. सहभागी कोणत्या आवृत्तीत जातो हे सत्र घेणाऱ्या व्यक्तीने ठरवू नये. शक्य असेल तर ते तिला कळूही नये.

टप्पा ४ : दाखवण्याचा क्रम आणि वेळ

आवडीचे आणि ओळखीचे संच मिळून पहिल्या भागात २६० दर्शने होतात (२० आकृत्या एकदा, २० तीनदा, २० नऊदा). प्रत्येक दर्शन २ सेकंदांचे आणि त्यानंतर अर्ध्या सेकंदाचा रिकामा पडदा ठेवावा. सुरुवातीला तीन आणि शेवटी तीन भरतीच्या आकृत्या टाकाव्यात, कारण यादीतील पहिल्या आणि शेवटच्या गोष्टी अधिक लक्षात राहतात आणि तो फायदा चाचणीतील कोणत्याही आकृतीला मिळता कामा नये. हे सगळे मिळून २६६ दर्शने, म्हणजे सुमारे ११ मिनिटे होतात.

क्रम पूर्णपणे यादृच्छिक ठेवणे हे योग्य उत्तर नाही. तसे केल्यास एखाद्या आकृतीची नऊपैकी पाच दर्शने सुरुवातीलाच एकत्र येऊ शकतात, आणि बॉर्नस्टीन यांच्या आढाव्यात एकच आकृती सलग दाखवली असता परिणाम दुबळा आढळला होता. म्हणून पहिल्या भागाच्या नऊ फेऱ्या कराव्यात. नऊ वेळा दाखवायची आकृती प्रत्येक फेरीत एकदा येईल. तीन वेळा दाखवायची आकृती पहिल्या तीन, मधल्या तीन आणि शेवटच्या तीन फेऱ्यांपैकी प्रत्येक गटात एकदा येईल. एकदाच दाखवायच्या आकृत्या सर्व फेऱ्यांत शक्य तितक्या समान वाटल्या जातील. फेरीच्या आतला क्रम प्रत्येक सहभागीसाठी नव्याने यादृच्छिक करावा, मात्र एकाच आकृतीच्या दोन दर्शनांमध्ये निदान तीन इतर आकृत्या हव्यात ही अट घालावी. नाहीतर एका फेरीची शेवटची आकृती आणि पुढच्या फेरीची पहिली आकृती एकच निघते.

एक मर्यादा येथे मान्य करावी लागते. नऊ वेळा दाखवलेल्या आकृतीचे अखेरचे दर्शन नेहमी शेवटच्या फेरीत असते, तर एकदा दाखवलेल्या आकृतीचे कुठेही असू शकते. म्हणजे ‘किती वेळा’ आणि ‘किती अलीकडे’ हे दोन घटक पूर्णपणे वेगळे होत नाहीत. पहिला भाग आणि चाचण्या यांच्यामध्ये पाच मिनिटांचे आकडेमोडीचे काम दिले, की अलीकडेपणाचा प्रभाव बराच कमी होतो. हे काम वगळण्याचा मोह टाळावा.

सहभागीचे लक्ष पडद्यावर राहावे म्हणून एक हलके काम द्यावे : रिकाम्या पडद्यावर अधूनमधून एक ठिपका दिसेल, तो दिसला की कळ दाबायची. ठिपका आकृतीवर न दाखवता रिकाम्या पडद्यावरच दाखवावा, म्हणजे कोणतीही विशिष्ट आकृती त्याच्याशी जोडली जाणार नाही. पहिल्या भागात आकृतीविषयी काहीही विचारू नये. तेथेच ‘आवडली का?’ असे विचारले, तर सहभागी पुढे स्वतःच्या पहिल्या उत्तराशी सुसंगत राहण्याचा प्रयत्न करतो.

सावधान : काही जणांना आकृती क्षणार्धात दाखवून ‘नकळत’ झालेल्या परिचयाचा परिणाम पाहायचा असतो. विल्यम कुन्स्ट-विल्सन आणि झायन्स यांच्या १९८० च्या प्रयोगात अष्टकोनी आकृत्या एक सहस्रांश सेकंद दाखवल्या होत्या. नेहमीचा संगणकाचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एक चित्र किमान १६.७ सहस्रांश सेकंद दिसतेच, आणि दर्शनाचा वेळ त्याच्या पटीतच ठेवता येतो. आज्ञावलीत ‘१’ लिहिले म्हणून पडदा ते पाळत नाही.

टप्पा ५ : सूचना, प्रश्न आणि संमती

संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी. संमतीपत्रात सहभागीला काय करावे लागेल, किती वेळ लागेल (येथे साधारण ३५ मिनिटे), माहिती कशी जपली जाईल आणि तो केव्हाही उठून जाऊ शकतो, हे सगळे असावे. गृहीतक आधी सांगू नये. ‘आकृत्यांकडे पाहण्याविषयीचा अभ्यास’ एवढे खरे आणि पुरेसे आहे. पुढे स्मृतीची चाचणी होणार आहे हे मात्र आधी कळू देऊ नये, कारण कळले की सहभागी आकृत्या मुद्दाम पाठ करू लागतो.

आवडीचा प्रश्न एकच ठेवावा : ‘ही आकृती तुम्हाला किती आवडली?’, १ म्हणजे ‘अजिबात नाही’ आणि ७ म्हणजे ‘फार’. काही ठिकाणी ‘आवडली’, काही ठिकाणी ‘सुंदर वाटली’ असे शब्द बदलू नयेत. एखादी आकृती सुंदर न वाटताही आवडू शकते, आणि हे दोन निवाडे एकमेकांत मिसळले की मोजलेल्या गुणाचा अर्थ धूसर होतो. मुख्य चाचणीपूर्वी सरावाच्या पाच आकृत्या द्याव्यात आणि त्यांत साध्या व गुंतागुंतीच्या दोन्ही असाव्यात. सराव नसेल, तर पहिल्या काही आकृत्यांचे गुण सहभागी पट्टीचा अंदाज घेण्यातच खर्च करतो.

ओळखीचा प्रश्नही एकच : ‘ही आकृती पहिल्या भागात दाखवली होती का?’, होय किंवा नाही. त्यासोबत खात्री किती, हे तीन पायऱ्यांवर विचारता येते. जुन्या व नव्या आकृत्या समान संख्येने आहेत हे सूचनेत सांगावे. न सांगितल्यास प्रत्येक सहभागी स्वतःचा वेगळा अंदाज बांधतो.

टप्पा ६ : रंगीत तालीम

सायकोपाय किंवा ओपनसेसमी यांसारख्या मोफत साधनांत प्रयोग बांधून झाला, की लगेच सहभागी बोलावू नयेत. आधी दहाही आवृत्त्या स्वतः शेवटपर्यंत चालवाव्यात आणि तयार झालेल्या फाइली उघडून तीन गोष्टी मोजाव्यात : प्रत्येक आकृती खरोखर ठरल्याइतक्याच वेळा आली का, प्रत्येक पायरीच्या दर्शनांचे सरासरी स्थान यादीच्या मध्याजवळ आहे का, आणि आवड-चाचणीतील एकही आकृती ओळख-चाचणीत घुसलेली नाही ना. यानंतर मन मानेल तशा कळा दाबून निर्माण केलेली ही निरर्थक माहिती संपूर्ण विश्लेषणातून पुढे न्यावी. ओळखीचा गुण (तो कसा काढायचा हे आठव्या टप्प्यात येईल) शून्याच्या आसपास आला पाहिजे आणि आवडीत पायऱ्यांनुसार चढ दिसता कामा नये. निरर्थक माहितीतूनही पद्धतशीर चढ दिसत असेल, तर दोष आज्ञावलीत आहे. तो आता सापडला तर अर्ध्या दिवसाचे काम, ६० सहभागी झाल्यावर सापडला तर सगळेच वाया.

त्यानंतर चार-पाच परिचितांवर प्रयोग करून सूचना नीट समजतात का ते पाहावे. ही माहिती अंतिम निकालात मिसळू नये.

टप्पा ७ : प्रत्यक्ष सत्र

क्रम असा : संमती, पहिला भाग, पाच मिनिटांची आकडेमोड, आवड-चाचणी, ओळख-चाचणी, अखेरचे प्रश्न, खुलासा.

आवड आधी आणि ओळख नंतर, हा क्रम बदलू नये. ओळख-चाचणी आधी घेतली, तर सहभागीच्या मनात ‘पाहिली होती की नव्हती’ हा प्रश्न जागा राहतो आणि आवडीचे गुण देतानाही तो त्याच प्रश्नाचे उत्तर देऊ लागतो. या क्रमाची किंमत म्हणून ओळख काही मिनिटे उशिरा मोजली जाते आणि किंचित कमी भरते. ही किंमत मोजणे मला योग्य वाटते, मात्र अहवालात तिचा उल्लेख करावा.

सूचना पडद्यावरच द्याव्यात. सत्र घेणाऱ्याने तोंडी स्पष्टीकरणे, कौतुक किंवा मान डोलावणे यांतले काहीही करू नये. सहभागी शंका विचारील तेव्हा सूचनेतीलच वाक्य पुन्हा वाचून दाखवावे.

अखेरचे प्रश्न मोकळ्यापासून नेमक्याकडे जावेत. आधी ‘हा अभ्यास कशाविषयी असावा असे वाटले?’, मग ‘गुण देताना काही खास विचार केला का?’, आणि सर्वांत शेवटी ‘वारंवार दिसलेल्या आकृत्यांना वेगळे गुण दिले का?’. हा शेवटचा प्रश्न आधी विचारला, तर उत्तर आपणच सुचवलेले असते. त्यानंतर खरा हेतू पूर्णपणे समजावून सांगावा आणि माहिती वापरू न देण्याची संधी पुन्हा द्यावी.

टप्पा ८ : ओळखीचे गुण काढणे

ओळख-चाचणीत फक्त ‘किती जुन्या आकृत्या ओळखल्या’ हे मोजणे ही इतकी रूढ चूक आहे की ती आकड्यांतूनच पाहिलेली बरी. पहिला सहभागी ३० जुन्यांपैकी २४ ना ‘होय’ म्हणतो आणि ३० नव्यांपैकी ६ ना चुकून ‘होय’ म्हणतो. दुसरा जुन्यांपैकी २९ ना ‘होय’ म्हणतो, पण नव्यांपैकीही १८ ना ‘होय’ म्हणतो. केवळ योग्य होकार पाहिले तर दुसरा सरस ठरतो. प्रत्यक्षात तो सढळ हाताने ‘होय’ म्हणणारा आहे.

यासाठी संकेत-शोध सिद्धान्तातील (खरी ओळख आणि ‘होय’ म्हणण्याची सवय यांना वेगळे करणाऱ्या पद्धतीतील) डी-प्राइम हा गुण वापरावा : योग्य होकाराच्या प्रमाणाचे झेड-मूल्य (प्रसामान्य वितरणाच्या तक्त्यातून त्या प्रमाणासाठी मिळणारा आकडा) काढायचे आणि त्यातून चुकीच्या होकाराच्या प्रमाणाचे झेड-मूल्य वजा करायचे. पहिल्यासाठी ०.८० चे झेड-मूल्य ०.८४ आणि ०.२० चे उणे ०.८४, म्हणून डी-प्राइम १.६८. दुसऱ्यासाठी ०.९६७ चे १.८३ आणि ०.६० चे ०.२५, म्हणून १.५८. म्हणजे ओळखण्याची क्षमता पहिल्याची किंचित अधिक आहे. त्या दोन झेड-मूल्यांच्या बेरजेच्या निम्म्याला उणे चिन्ह दिले, की ‘होय’ म्हणण्याचा कल मिळतो : पहिल्याचा शून्य, दुसऱ्याचा उणे १.०४. अहवालात दोन्ही द्यावेत.

कोणी सर्वच्या सर्व ३० ओळखल्या, तर प्रमाण १ होते आणि त्याचे झेड-मूल्य अनंत येते. म्हणून सर्वांसाठी सरसकट होकारांच्या संख्येत ०.५ आणि एकूण आकृत्यांच्या संख्येत १ मिळवून प्रमाण काढावे. वरच्या उदाहरणात समजण्याच्या सोयीसाठी ही दुरुस्ती केलेली नाही. अडचण आली त्या सहभागीपुरतीच ती करणे चुकीचे आहे.

टप्पा ९ : आवडीचे विश्लेषण

६० सहभागींनी ४० आकृत्यांना दिलेले २,४०० गुण म्हणजे २,४०० स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. एकाच व्यक्तीचे गुण एकमेकांशी जोडलेले असतात आणि एकाच आकृतीला मिळालेले गुणही. हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ मध्येच दाखवून दिले होते की सहभागींप्रमाणे प्रयोगातील शब्दही नमुनाच असतात आणि तसे न धरल्यास निष्कर्ष त्या विशिष्ट शब्दांपुरताच उरतो. आकृत्यांनाही हेच लागू आहे. म्हणून सहभागी आणि आकृती या दोहोंना यादृच्छिक घटक, म्हणजे मोठ्या समूहातून घेतलेले नमुने, मानणारे संख्याशास्त्रीय मिश्र प्रतिमान वापरावे. ते जमत नसेल, तर प्रत्येक सहभागीच्या चार सरासरी काढून त्यांतून प्रत्येकाचा चढ (पायरी वाढत जाते तशी आवड किती वाढते तो आकडा) काढावा, आणि हेच काम आकृतीनिहायही करून दोन्ही निकाल द्यावेत.

‘किती वेळा’ हा आकडा थेट न वापरता त्यात १ मिळवून त्याचा लॉगरिदम घ्यावा. एकदावरून तीनदा आणि आठदावरून दहादा यांत दोनचाच फरक असला, तरी परिचयाच्या दृष्टीने पहिला फरक कितीतरी मोठा आहे.

सावधान : ओळख-चाचणीचा निकाल सार्थक आला नाही म्हणून ‘ओळख अजिबात नव्हती’ असे लिहू नये. त्याहून घातक गोष्ट म्हणजे ज्यांचे डी-प्राइम शून्य किंवा त्याखाली आले तेवढेच सहभागी नंतर निवडून ‘यांना काहीच आठवत नव्हते, तरी आवड वाढली’ असा दावा करणे. प्रत्येक मोजमापात योगायोगाचा वाटा असतो. मुद्दाम खालचे गुण निवडले की त्यांत दुर्दैवाने कमी गुण मिळालेलेही येतात, आणि पुन्हा मोजल्यास त्यांची सरासरी शून्याच्या वर जाते. डेव्हिड शँक्स यांनी २०१७ मध्ये नेमक्या याच सापळ्याचे विवेचन केले आहे.

टप्पा १० : अहवाल

वगळलेल्या प्रत्येक सहभागीचे कारण, दहाही आवृत्त्यांतील सहभागींची संख्या, दर्शनाचा वेळ, पडद्याचा प्रकार, प्रश्नांचे शब्दशः मजकूर आणि चारही पायऱ्यांच्या सरासरी व प्रमाण विचलने द्यावीत. आलेखात सरासरीच्या रेषेबरोबर प्रत्येक सहभागीची फिकट रेष दाखवावी, म्हणजे सर्वांची आवड थोडी वाढली की मोजक्याच लोकांची खूप वाढली, हे वाचणाऱ्याला दिसते. आधी नोंदवलेल्या योजनेबाहेर केलेले प्रत्येक विश्लेषण तसे नमूद करून वेगळ्या भागात ठेवावे. सर्व १०० आकृत्या, आज्ञावली आणि नावे काढून टाकलेली मूळ माहिती, संमतीपत्रात तशी परवानगी घेतलेली असल्यास, इतरांना पडताळणीसाठी उपलब्ध करावी. ही परवानगी नंतर मागता येत नाही, म्हणून संमतीपत्र लिहितानाच ते वाक्य घालावे.